चाळीसपर्यंत

फोन आला तेव्हा तिच्या हातात एका अनोळखी बाईचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा; नुकताच साच्यातून सुटलेला, अजून कोमट. कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तिला सत्तावीस वर्षं झाली होती. कामाच्या वेळी ती सहसा फोन घेत नसे, कारण घ्यायचा तर आधी हात धुवा, मग पुसा. पण नंबर सरकारी वाटला. तिने करंगळीने बटण दाबलं आणि फोन कान नि खांद्याच्या मध्ये धरला. ‘हवालदारांच्या कन्या का?’ पलीकडच्या बाईने विचारलं. ‘माजी सैनिक निवासातून बोलतेय. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही अर्ज केला होता. तळमजल्यावर एक जागा रिकामी झालीय.’ ‘कधी?’ तिने विचारलं. ‘काल सकाळी,’ बाई म्हणाली, आणि जरा थांबून, ‘झोपेतच गेले. त्रास नाही झाला.’ तिला म्हणायचं होतं की आम्ही कधी यायचं. कोण कधी गेलं ते तिला नको होतं. पण आता दुरुस्त करणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून ती ‘अरेरे’ म्हणाली, आणि ते तोंडातून निघताना तिच्या पोटात आनंदाची अशी उसळी आली की अंगठा जोरात दाबला गेला आणि अनोळखी बाईची कडेची दाढ टचकन निखळून टेबलावर पडली.

गुरुवारी अकरा वाजता या, बाई सांगत होती. वडिलांना घेऊन, फौजेतून सुटल्याचा मूळ दाखला घेऊन. ‘अर्जात तुम्ही लिहिलंय, स्वतःचं स्वतः करतात. तेवढं आमच्या मेट्रन बघून घेतील. तुम्हाला कल्पना असेलच, अंथरुणावरचे आम्ही घेत नाही. त्यांची यादी वेगळी असते, आणि ती पुढे सरकत नाही.’ ‘करतात,’ ती म्हणाली. ‘सगळं स्वतःचं स्वतः करतात.’ फोन ठेवल्यावर तिने दाढ उचलली, तिला डिंकाचा थेंब लावला आणि जागच्या जागी बसवली. हात जराही थरथरला नाही. खोटं बोलल्यावर हात थरथरतात असं आई म्हणायची. आईला बऱ्याच गोष्टी ठाऊक नव्हत्या.

एक वाजता ती नेहमीप्रमाणे घरी गेली. कारखान्यापासून घर दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत जायचं, म्हाताऱ्याला भरवायचं, धुवायचं, परत यायचं. दुपारी त्याला सांभाळणारी सहावी बाई सोडून गेल्यापासून ती बाहेरून कडी लावून जात असे. पहिली गेली ती त्याने तिच्यावर चहा फेकला म्हणून, दुसरी शिव्यांमुळे, तिसरीने काहीच सांगितलं नाही, नुसती चपला हातात घेऊन जिना उतरली. सहावीच्या मनगटाला तो चावला होता. तिने, त्याच्या मुलीनेच, महिनाभर घासूनपुसून बनवलेल्या दातांनी. बाईच्या मनगटावरचा तो व्रण बघताना क्षणभर तिच्या मनात आलं होतं, चावा किती नेटका बसलाय, वरखाली कुठे फट नाही. आणि मग त्या विचाराचीच शिसारी आली होती.

कडी काढली की आधी वास यायचा. तो वास कशासारखा हे तिला तीन वर्षांत सांगता आलं नव्हतं. लघवी होती त्यात, कफ होता, तेलकट उशी होती, पण त्याखाली आणखी काही होतं, गोडसर, बंद डब्यात राहून गेलेल्या फळासारखं. तो तिच्या केसांत बसायचा. कारखान्यात ती वाकली की स्वतःच्याच खांद्यावरून यायचा. नवल हे, की घाणीचं तिला वावडं नव्हतं. कारखान्यात रोज लोकांच्या तोंडांचे गुलाबी ठसे यायचे, त्यांना लाळेच्या तारा लोंबत असायच्या, कधी रक्त, कधी दातात अडकलेलं काल रात्रीचं जेवण. ते ती नळाखाली धरून अंगठ्याने चोळून साफ करायची आणि त्याच हातांनी, पुसून, बिस्किट खायची. परक्यांची थुंकी तिला कधी शिवलीच नाही. ही एकाच माणसाची शिवत होती. बापाचा खाकरा ऐकला की तिच्या जिभेखाली पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तो चहाच्या कपात थुंकायचा. जेवता जेवता वरची कवळी काढून तिच्या ताटाशेजारी ठेवायचा, वर अन्नाचा लगदा चिकटलेला, आणि म्हणायचा, ‘टोचतेय. तुझं काम कच्चं.’ पायजमा ओला झाला की म्हणायचा, ‘पाणी सांडलं.’ तीन वर्षं रोज सकाळी पाणीच सांडत होतं.

त्या दुपारी त्याला कूस बदलायला लावून तिने खालची चादर ओढली, आणि नेहमीप्रमाणे श्वास धरला. ही कारखान्याची सवय. दात घासायच्या यंत्रावर पांढरी धूळ उडते, तेव्हा श्वास धरून चाळीसपर्यंत मोजायचं, मान वळवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा. घरीही तेच. एक ते चाळीस: चादर, पुसणं, पावडर. मग खिडकीपाशी. पुन्हा एक ते चाळीस: पायजमा, नाडी, उशी. दोन खेपांत म्हातारा कोरडा व्हायचा. कधी कधी अडतीसला त्याचं काहीतरी आडवं यायचं, पाय ताठ करायचा, नाहीतर कंबर एकदम उचलायचा, घाई केल्यासारखी, आणि तिची मोजणी चुकायची. मुद्दामच करतो, असं तिने कधीचं ठरवून टाकलं होतं. हा माणूस आयुष्यभर सगळं मुद्दामच करत आला होता.

‘अण्णा, गुरुवारी आपल्याला बाहेर जायचंय,’ ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. ‘निवासात जागा झालीय. तुमच्या फौजेच्या.’ ‘कोण मेला?’ तो म्हणाला.

तिने भावाला फोन लावला. भाऊ धाकटा, दुसऱ्या शहरात, चार तासांवर, पण त्याच्या आवाजातून ते अंतर नेहमी चारशे तासांचं वाटे. ‘बरं झालं गं ताई,’ तो म्हणाला, ‘म्हणजे, त्यांच्यासाठी बरं. तिथे त्यांच्यासारखे लोक असतील.’ ती म्हणाली, ‘तू येशील गुरुवारी? दोघं असलो तर जिन्यावरून उतरवायला बरं.’ ‘गुरुवारी?’ जणू गुरुवार हा काही भलताच दिवस होता. ‘गुरुवारी कसं जमणार? आणि तुझं ऐकतात गं ते. मी आलो की बिथरतात.’ हे मात्र खरं होतं. त्याला बघून म्हातारा बिथरायचा, कारण मुलाकडून त्याची अजून काही अपेक्षा होती. तिच्याकडून कसलीच नव्हती. तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिळा पाव चावला. भूक अशी तिला कित्येक महिन्यांत लागलीच नव्हती. जेवायचं म्हणून ती जेवत होती, औषध घ्यावं तशी, नाक बंद करून.

सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी तिने त्याची तयारी करून घ्यायचं ठरवलं. मेट्रन काय काय बघेल याची तिने मनाशी उजळणी केली: उठून संडासापर्यंत जाणं, नाडी सोडणं, बांधणं, शर्टाची बटणं, चमचा. ‘उठा,’ ती म्हणाली. ‘मी काय भरतीला चाललोय?’ तो म्हणाला. ‘तसंच समजा.’ तो उठला, दोन पावलं टाकली आणि पलंगाच्या कडेवर धपकन बसला. ‘पाय नाहीत,’ म्हणाला. डाव्या पायाची दोन बोटं फौजेत बर्फाने गेली होती, त्यांचा विषय तो सोयीनुसार काढायचा. कधी दोन बोटं जायची, कधी अख्खे पाय. चमचा हातात दिला तर त्याने तो तिच्याकडे बघत बघत, सावकाश, जमिनीवर सोडला. तिने उचलून दिला. पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा तिने चमचा उचलला आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर हाणला. आवाज अगदी लहान झाला, टक् असा. त्याने हात मागे घेतला नाही. मग तिने त्याचा जबडा पकडला, कारखान्यात प्लास्टरचा पकडते तसाच, अंगठा एका गालावर, चार बोटं दुसऱ्या, आणि खालची कवळी आत दाबली. ती तिरकी बसली आणि हिरडी कापली. पातळ, गुलाबी रक्त लाळेत मिसळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला. ती मोरीत जाऊन हात धूत राहिली, साबण लावून, पुन्हा लावून, आणि तिला कळेना की हे रक्त नको झालंय की हा हात.

त्याची स्वच्छतेची तऱ्हा तिला आठवत होती, हाच त्यातला सगळ्यात कडू भाग. तो सुट्टीवर यायचा तेव्हा आई दोन दिवस आधीपासून घर खरवडायची. तो आला की आधी हवेत वास घ्यायचा, उंबऱ्यातच, नाकपुड्या फुगवून. मग पाण्याच्या पिंपात नाक. मग मुलं एका ओळीत. ‘नखं.’ दोघं हात पुढे करायची. तिचं डोकं तो दोन बोटांनी मागे झुकवायचा आणि केसांचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, ‘घाण.’ तेवढंच. रागाने नव्हे, हवा सांगावी तसं. आई तिला पुन्हा न्हाऊ घालायची, डोळ्यांत साबण जाईपर्यंत, आणि कुजबुजायची, ‘त्यांना सहन होत नाही गं.’ एकदा बसमधून जाताना तिला उलटी झाली होती, सात वर्षांची असेल. त्याने झटकन पाय वर उचलले होते, दोन्ही बूट, लखलखीत, हवेत धरून ठेवले होते, आणि आईने आपल्या रुमालाने, मग आपल्या हातांनी, सगळं गोळा केलं होतं. पुढच्या थांब्यापर्यंत तो तसाच बूट वर धरून बसला होता. लोक बघत होते. उलटीची तिला तेव्हा लाज वाटली नव्हती. त्या बुटांची वाटली होती. आणि आज चव्वेचाळीस वर्षांनी ती त्या पायांचे तळवे ओल्या फडक्याने पुसत होती, बोटांच्या बेचक्यांतला काळा मळ काढत होती, आणि श्वास धरून मोजत होती. म्हणजे रक्त एकच. नाक एकच. बापाकडून दुसरं काही मिळालं नव्हतं, हे नाक तेवढं मिळालं होतं.

बुधवारी संध्याकाळी तिने त्याचं पाणी बंद केलं. असं करायचं म्हणून तिने ठरवलं नव्हतं. पेला भरला, खोलीपर्यंत नेला, आणि दारातच तिच्या मनात आलं की हा पेला उद्या अकरा वाजता मेट्रनच्या खुर्चीवर उतरणार. ती परत फिरली आणि पेला मोरीत ओतला. रात्रीच्या जेवणाला कोरडा पाव दिला. ‘पाणी,’ तो म्हणाला. ‘देते,’ ती म्हणाली, आणि दिवा घालवला. सकाळी डायपर हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. तो बांधावा तर मेट्रन बघणार, न बांधावा तर टॅक्सी. शेवटी बांधला नाही. धुतलेला पांढरा शर्ट, राखी पँट, केसांना पाणी, पण तेही बेताने, कारण ओला हात त्याच्या कपाळावरून फिरला तेव्हा त्याची जीभ बाहेर आली होती. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं साचलं होतं. ते तिने पुसलं. तीन मजले तो कठड्याला धरून उतरला, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत, आणि ती पाठीमागून त्याच्या पट्ट्याला धरून. टॅक्सीत तो एकदाच म्हणाला, ‘पाणी.’ ‘तिथे गेल्यावर, अण्णा.’ ‘तिथे गेल्यावर,’ तो म्हणाला. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं आणि काच खाली केली. वास त्यालाही आला होता. इतकं धुऊनही.

तिने आजवर चार वृद्धाश्रम बघितले होते. एकात दारापासूनच फिनेल इतकं होतं की त्याखाली काय दडलंय ते न विचारताच कळत होतं. दुसऱ्यात म्हातारे भिंतीकडे तोंड करून बसवले होते. तिसऱ्यात व्यवस्थापक बोलता बोलता कान कोरत होता आणि काडीचं टोक न्याहाळत होता. चौथ्याने अण्णाला एक दिवस ठेवून बघितलं आणि संध्याकाळी फोन केला, ‘घेऊन जा.’ त्यामुळे इथल्या लांब, उघड्या व्हरांड्यात बुटांचं पॉलिश आणि भिजलेल्या लाकडाचा वास आला तेव्हा ती त्याखालचा दुसरा वास शोधत राहिली. होताही तो. पण उघड होता, कुणी त्याच्यावर काही ओतलं नव्हतं. बाकांवर म्हातारे बसले होते. एकाच्या नाकातून थेंब लोंबत होता आणि तो तसाच पत्ते पिसत होता. तिने नजर वळवली.

मेट्रन पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात. सोबत निवासाचे अधीक्षक, स्वतःही निवृत्त फौजी, एका कानात यंत्र. ‘तुम्ही बाहेर बसा,’ मेट्रन तिला म्हणाली. ‘मी असते ना सोबत,’ ती म्हणाली, ‘त्यांना कधी कधी ऐकू येत नाही.’ ‘यांनाही येत नाही,’ मेट्रनने अधीक्षकांकडे बोट दाखवलं. ‘जमेल त्यांचं त्यांना.’ दार लागलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती आणि बाजूची खिडकी उघडी. बाकावर बसून तिला त्याचा खांदा, अर्धं डोकं, छातीपाशी आलेले हात आणि मेट्रनचे हात दिसत होते. झालं, तिला वाटलं. आता चमचा सोडेल. नाहीतर थुंकेल. नाहीतर सांगेल की काल संध्याकाळपासून पाणी दिलेलं नाही. तिच्या हातात दाखला होता, फौजेचा, घडीवर फाटलेला, आणि तिने तो इतका घट्ट धरला होता की घामाने शाई बोटांना लागली.

‘शर्ट काढा बरं, हवालदार. आणि परत घाला.’ सहा बटणं. तिने मोजली. पहिल्या बटणाला त्याची बोटं इतका वेळ चाचपडत राहिली की तिचाच अंगठा नि तर्जनी मांडीवर हलायला लागले. मेट्रनने मदत केली नाही. अधीक्षक मध्येच विचारत होते, कुठल्या तुकडीत, काय काम. ‘पूल,’ तो म्हणाला. बटण. ‘लाकडी की लोखंडी?’ ‘दोन्ही. घाईचा असला तर लाकडी.’ बटण. ‘एका रात्रीत किती लांब?’ ‘माणसं किती, त्यावर. साठ माणसं असली तर सकाळपर्यंत गाड्या पलीकडे.’ बटण. त्याच्या कपाळावर घाम आला होता. कालपासून कोरड्या ठेवलेल्या त्या शरीरात घाम कुठून आला कोण जाणे. सहावं बटण लागलं. मग तो उठला. खुर्चीच्या हाताला धरून नव्हे. आधी पुढे झुकला, मग उभा राहिला, आणि काचेच्या चौकटीतून एका कडेकडून दुसरीकडे गेला, सरळ, हळू. संडासाचं दार वाजलं. आली घाण, तिला वाटलं, आता येईल. कडी निघाली. तो बाहेर आला. पट्टा लावलेला. हात ओले. हात धुतले होते त्याने. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तिला आनंद व्हायला हवा होता. जे हवं होतं तेच घडत होतं, तेही तिने कल्पलं नव्हतं इतकं छान. म्हणजे जमत होतं. म्हणजे ती चादर, ती फडकी, खिडकीशी धाव घेणं, ते कप, हे सगळं जमत असूनही. ती तीन वर्षं त्याची घाण उपसत होती आणि तो पडून बघत होता. उठून आत जावं आणि मेट्रनला सांगावं, हे नाटक आहे बाई, हा माणूस चावतो.

‘पाणी मिळेल?’ आतून आवाज आला. मेट्रनने पेला दिला. तो प्यायला. ‘अजून.’ तीन पेले झाले. ‘फारच तहान लागली होती,’ मेट्रन म्हणाली. बाकावर तिने डोळे मिटून घेतले. ‘टॅक्सीत ऊन होतं,’ तो म्हणाला.

मग मेट्रनने कागद पुढे ओढला. ‘घरी कोण करतं तुमचं?’ ‘मुलगी.’ ‘नीट करते?’ ‘करते. कोरडा ठेवते. वेळेवर जेवायला.’ ‘मारझोड, उपाशी ठेवणं, असलं काही? हे सगळ्यांनाच विचारावं लागतं.’ ‘छे.’ मग तो म्हणाला, ‘श्वास धरते फक्त.’ ‘म्हणजे?’ ‘मला शिवताना. श्वास धरते आणि मोजते. चाळीसपर्यंत. मनात मोजते, पण ओठ हलतात तिचे.’ अधीक्षकांनी कानातलं यंत्र चाचपलं. ‘काय मोजते?’ ‘आकडे,’ तो जरा मोठ्याने म्हणाला. ‘मीही मोजतो बरोबर. आपल्याला कळतं ना कुठे आलीय ते. पस्तीसच्या पुढे गेली की मी घाई करतो, कंबर उचलतो. नाहीतर तिला धाप लागते. एकदा खिडकीशी पोचेपर्यंत पडता पडता राहिली.’ मेट्रन लिहायची थांबली होती. ‘तुमच्याकडे वासाचं काय?’ त्याने विचारलं. ‘आमच्याकडे?’ मेट्रन म्हणाली. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच येतो, हवालदार. सवय होते.’ ‘तिला होत नाही,’ तो म्हणाला. ‘नाक माझं आहे तिला. जागा रिकामी असेल तर द्या.’

ती बाकावर बसली होती आणि समोर पत्ते पिसले जात होते. ती लाजली का, रडू आलं का, असं पुढे भावाने तिला फोनवर विचारलं असतं तर तिला खरं सांगता आलं नसतं. म्हणून तिने त्याला हे कधी सांगितलंच नाही. तिला आली ती किळस. कुणीतरी आपल्याला मोरीत उघडं पाहिलंय, आणि एकदा नव्हे, रोज, तीन वर्षं, अगदी जवळून, ओठ हलताना, मान वळवताना, नाक आकसताना. आपण त्याच्याकडे वस्तूसारखं बघत होतो आणि ती वस्तू बघत होती. तोंडावर काहीतरी चिकटल्यासारखं तिने हाताच्या पाठीने ओठ पुसले. शाईचा डाग ओठावर आला.

‘आजच ठेवून घेते,’ मेट्रन बाहेर येऊन म्हणाली. तिने दाखला तपासला, एका ओळीवर बोट ठेवलं. ‘इथे सही करा. अर्जातली माहिती खरी आहे म्हणून.’ तिने पेन घेतलं. सही करायच्या आधी, का कोण जाणे, ती म्हणाली, ‘घरी एवढं नाही जमत त्यांना.’ इतकं बोलून तिला वाटलं, संपलं, घेऊन जा म्हणतील. मेट्रनने चष्मा डोळ्यांवरून काढून दोरीवर सोडला. ‘उद्याही जमेल असं नाही. त्या सहा बटणांत माणूस फेसाटलाय. पण आज जमलं, आणि मी आजचं लिहिते. सही करा.’ तिने सही केली. आत तो खुर्चीत बसला होता, तोंड थोडं उघडं, शर्टाची पाठ घामाने चिकटलेली. ती दोन पावलांवर थांबली. जवळ जावं तर श्वास घेत जावं की धरून, हे तिला ठरवता येईना. कसंही गेलं तरी ते त्याला दिसणार होतं. ‘संध्याकाळी कपडे आणते, अण्णा.’ ‘पेटीतून आण,’ तो म्हणाला. ‘पिशवीत कोंबू नकोस.’ आणि जरा वेळाने, ‘जा. कामाची वेळ झाली तुझी.’

ती कामावर गेली. दुपारभर तिने दात बसवले, मेण खरवडलं, यंत्रावर घासलं. यंत्रावर श्वास धरला की आकडे यायचे आणि आकड्यांबरोबर दुसरा आवाज यायचा, मागून मोजणारा. दोनदा तिने काम थांबवलं. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, ‘वडील कसे आहेत?’ ‘पोचले,’ ती म्हणाली, आणि तो घाबरून उभाच राहिला. मग तिला म्हणावं लागलं, ‘तसं नव्हे. निवासात.’ दोघंही हसले. आपण हसलो हे तिला आवडलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता तिने पेटी भरली. घरात वास तसाच होता. तो गेल्यावर वासही जाईल अशी काहीतरी वेडी समजूत तिच्या मनात असावी. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पेटी घेऊन टॅक्सीने गेली. निवासात दिवे लागले होते, जेवणं सुरू होती. फाटकावरचा म्हणाला, ‘भेटायची वेळ संपली, पण जाऊन या, दारातून.’ ती जेवणघराच्या दाराशी उभी राहिली. लांब टेबलं, चमच्यांचा खणखणाट, चाळीस-पन्नास तोंडं एकदम चावत होती, मचमच ऐकू येत होती. तिला कवळ्या ओळखू येत होत्या, चांगल्या आणि सैल. अण्णा तिसऱ्या टेबलाशी होता. त्याने चमचा दिव्याकडे धरला होता. ‘हा धुतलाय की चाटलाय?’ तो ओरडला. शेजारचा, सकाळचा तो नाकाला थेंब लोंबणारा, म्हणाला, ‘चाटलाय. मीच चाटलाय. आवडत नसेल तर हाताने जेव.’ अण्णाने त्याला एक शिवी दिली. त्याने दोन दिल्या. मग अण्णाने वरची कवळी काढली आणि टेबलावर, त्या माणसाच्या ताटाशेजारी ठेवली. तिचा श्वास अडकला. त्या माणसाने कवळीकडे वाकून पाहिलं, बोटाने उलटी केली, सुलटी केली. ‘झकास काम आहे,’ तो म्हणाला. ‘कुणाकडून केलीस?’ अण्णा काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तोंड भरलेलं होतं. ती आत गेली नाही. पेटी दारात ठेवली, फाटकावरच्याला म्हणाली, ‘सांगा, पेटी आली,’ आणि चालू लागली.

दोन चौक गेल्यावर तिला भूक लागली. कोपऱ्यावर एक साधं खाणावळीसारखं दुकान होतं, लांब बाकं, आत वाफ. तिने उकडलेले बटाटे, पाव आणि रस्सा मागवला आणि पहिल्या घासालाच तिच्या लक्षात आलं की चव लागतेय. मीठ लागतंय, मिरी लागतेय, पावाची करपलेली कड लागतेय. ती भरभर खाऊ लागली. पुन्हा रस्सा घेतला. पाव रश्शात बुडवून तोंडात कोंबला, रस्सा हनुवटीवर ओघळला, तो तिने मनगटाने पुसला आणि मनगट चाटलं. लाज वाटायला हवी हे तिला कळत होतं, कुठेतरी लांबून, दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलावं तसं. दात मोठ्याने वाजत होते. नाकातून पाणी वाहत होतं. ते तिखटाचं की कशाचं हे बघायला ती थांबली नाही. ताटली संपली तेव्हा तिने बोटाने कडेचा रस्सा ओढून घेतला आणि बोट चोखलं, आणि बोट तोंडातच असताना वर पाहिलं. समोर एक माणूस बसला होता, कुणीही, कामावरून परतणारा, स्वच्छ दाढी केलेला. तो तिच्याकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. नजर खिडकीबाहेर ठेवून त्याने एका हाताने, हलकेच, आपली ताटली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.